बँका गेल्या, अक्षरे राहिली

दुबईच्या मशरेक बँकेचा स्विफ्ट कोड बीओएमएल एई एडी असा आहे. आमच्या बँकेच्या काउंटरवर येणाऱ्या कोकणातल्या अनेकांना वाटायचे, बीओएम म्हणजे बॉम्बे, म्हणजे ही बँक मुळात आपल्याकडचीच असणार. तसे नाही. १९६७ साली दुबईत सुरू झालेल्या या बँकेचे पहिले नाव होते बँक ऑफ ओमान लिमिटेड. १९९३ मध्ये तिने नाव बदलून मशरेक केले. पाट्या बदलल्या, चेकबुके बदलली, लेटरहेड बदलले. कोडातली अक्षरे मात्र जुन्या नावाचीच राहिली. दुबईतच एमिरेट्स एनबीडीचा कोड आजही ईबीआयएल अक्षरांनी सुरू होतो. ती अक्षरे एमिरेट्स बँक इंटरनॅशनलची आहेत आणि त्या बँकेचे विलीनीकरण २००७ मध्येच झाले.

न्यूयॉर्कला तर हे फारच ठळक दिसते. बँक ऑफ न्यूयॉर्क मेलनचा कोड आहे आयआरव्हीटी यूएस ३एन. यातले आयआरव्हीटी म्हणजे आयर्व्हिंग ट्रस्ट. वॉल स्ट्रीटवरची ही नामांकित बँक १९८८ मध्ये बँक ऑफ न्यूयॉर्कने ताब्यात घेतली. आज आयर्व्हिंग ट्रस्ट हे नाव बँकेत नोकरी करणाऱ्या तरुणांनीही ऐकलेले नसते, पण तिची चार अक्षरे रोज जगभरच्या डॉलरच्या संदेशांवर उमटतात. एचएसबीसीच्या लंडनमधल्या बँकेच्या कोडात मिडलँड बँक आहे, अमेरिकेतल्या बँकेच्या कोडात मरीन मिडलँड. मला या अक्षरांबद्दल फार जिव्हाळा वाटतो. बुजलेल्या विहिरीच्या नावाने वाडी ओळखली जावी, तशी ही अक्षरे टिकून आहेत.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या फोर्टातल्या फॉरेक्स शाखेत नोकरी केली. टेलेक्सच्या काळात लागले आणि सगळे काम स्विफ्टवर गेल्यावर निवृत्त झाले. त्यामुळे हा बदल मी टेबलावर बसून पाहिला आहे. पैसे दूर पाठवायचे म्हटले की दोन प्रश्न येतात: निरोप नेमका कुठे द्यायचा, आणि निरोप खरा आहे हे पलीकडच्याला कसे कळायचे. पहिला पत्त्याचा प्रश्न, दुसरा विश्वासाचा. स्विफ्ट कोडने पहिला प्रश्न फार सुंदर सोडवला. त्याबरोबर दुसराही सुटला असे बँकांनी ज्या ज्या वेळी मानले, त्या त्या वेळी त्यांना जबर किंमत मोजावी लागली.

आपल्याकडच्या हुंडीत हे दोन्ही प्रश्न एकाच कागदावर असत. हुंडी एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली. रक्कम आकड्यात, मग अक्षरात, आणि वर ‘निमे इतके, त्याचे दुप्पट इतके’ असा उल्लेख. म्हणजे हजार रुपये असतील तर पाचशेचे दुप्पट हजार असेही लिहायचे. एक शून्य वाढवून कुणी दहा हजार करू नयेत यासाठी ही तजवीज होती. शहाजोग हुंडी असेल तर पैसे वाटेल त्याला देता येत नसत, बाजारात पत असलेल्या शहालाच द्यायचे. हुंडी हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ. पेढीचे नाव हाच पत्ता, आणि मुनिमाच्या हस्ताक्षराची ओळख हाच पडताळा.

तारायंत्राने हे हस्ताक्षर काढून घेतले. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने सुएझमार्गे लंडनशी जोडली गेली आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्याचा निरोप आठवड्यांऐवजी तासांत जाऊ लागला. पण तारेत सही नसते, शिक्का नसतो. पलीकडे येतात ती केवळ अक्षरे, आणि ती कुणीही पाठवू शकतो. तेव्हापासून बँकांनी तारेबरोबर एक गुप्त आकडा पाठवायची पद्धत धरली. टेलिग्राफिक ट्रान्सफर, म्हणजे टीटी, त्याच काळातली. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण बँकांच्या दरपत्रकात ‘टीटी बाइंग’ आणि ‘टीटी सेलिंग’ हे रकाने आजही आहेत आणि परदेशी पैसे आले की हिशेब त्यातल्याच दराने होतो.

मी लागले तेव्हा तारेची जागा टेलेक्सने घेतली होती. टेलेक्सची खोली वेगळी असायची, कारण यंत्राचा आवाज. ऑपरेटर आधी मजकूर टंकून कागदी पट्टीवर भोके पाडून घ्यायचा, मग लाइन लागली की पट्टी यंत्रात सरकवायची. परदेशी लाइनचे पैसे मिनिटांवर लागत, म्हणून पट्टी आधी तयार ठेवायची. पलीकडच्या यंत्राचे ओळख-उत्तर, ज्याला आम्ही ‘आन्सरबॅक’ म्हणायचो, ते आले की योग्य ठिकाणी लागले असे समजायचे. संध्याकाळी चारच्या सुमाराला लंडनचे कामकाज रंगात यायचे आणि आमच्याकडे लाइन मिळेनाशी व्हायची. न्यूयॉर्क उघडेपर्यंत आमची पाळी संपलेली असे.

खरे काम मात्र टेलेक्सच्या खोलीबाहेर, टेस्ट कीच्या टेबलावर व्हायचे. ते जवळून सांगते, कारण आता ते करणारे कुणी उरलेले नाही.

प्रत्येक परदेशी बँकेबरोबर आमची एक टेस्ट की ठरलेली असे. ती एक छोटी पुस्तिका. तिच्यात कोष्टके: बारा महिन्यांचे बारा आकडे, एकतीस तारखांचे एकतीस आकडे, प्रत्येक चलनाचा एक आकडा, रकमेतल्या एकं, दहं, शतं, सहस्रं अशा प्रत्येक स्थानाचे आकडे, आणि त्या बँकेचा एक कायमचा आकडा. समजा साडेदहा हजार डॉलर पाठवायचे आहेत. महिन्याचे ४१७, तारखेचे ८३, डॉलरचे २६, दहा हजारांचे ११९०, पाचशेचे ३४२, बँकेचे कायमचे ६५५. बेरीज २७१३. (हे आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत.) मग टेलेक्सच्या डोक्यावर जायचे: ‘टेस्ट २७१३ फॉर यूएसडी १०५००’. पलीकडच्या बँकेतला माणूस आपल्या पुस्तिकेतून तीच बेरीज करायचा. जुळली तर पैसे द्यायचे, नाही जुळली तर उलट टेलेक्स: ‘टेस्ट डझ नॉट ॲग्री’. रकमेत एक आकडा कुणी बदलला, तारीख कुणी पुढे ढकलली, तर बेरीज फसायचीच.

ही पुस्तिका तिजोरीत राहायची आणि तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे. कायमच्या आकड्यांचा कागद एका अधिकाऱ्याकडे, कोष्टके दुसऱ्याकडे. दोघे एकाच दिवशी रजेवर जात नसत. बेरीज एकाने करायची आणि दुसऱ्याने पुन्हा करून आद्याक्षरी घालायची. आमचे एक ज्येष्ठ अधिकारी होते. मी केलेल्या बेरजेकडे ते बघायचेसुद्धा नाहीत. कागद उलटा ठेवायचे, स्वतः पहिल्यापासून करायचे, मगच माझा कागद सुलटा करायचे. मी एकदा विचारले, “सर, माझी बेरीज समोर ठेवून तपासली तर लवकर होईल ना?” ते म्हणाले, “अहो, समोर ठेवली की डोळे तुमचाच आकडा वाचतात. तुमचा आकडा माझ्या आकड्याला भेटला पाहिजे, मी त्याच्याकडे चालत जाता कामा नये.” बँकिंगबद्दल मला कुणी शिकवलेल्या गोष्टींत ही सगळ्यात मोलाची.

पण टेलेक्सला पत्त्याची शिस्त नव्हती. बँकेचे नाव जो तो आपापल्या पद्धतीने लिही. एका शहरात एकाच बँकेच्या पाच शाखा असत, नावात ‘नॅशनल’ असलेल्या बँका तर असंख्य. निरोप माणसाने वाचायचा, समजून घ्यायचा, पुन्हा आपल्या नोंदवहीत उतरवायचा. युरोपात साठच्या दशकात व्यापार वाढला तसा हा कागदाचा ढीग बँकांना पेलेना. त्यातच न्यूयॉर्कच्या फर्स्ट नॅशनल सिटी बँकेने, आजच्या सिटी बँकेने, मार्टी नावाची स्वतःची यंत्रवाचनीय पद्धत काढून सहयोगी बँकांना तीच वापरायला लावण्याचा प्रयत्न सुरू केला. सगळ्या जगाच्या निरोपांची वाट एका अमेरिकन बँकेच्या अंगणातून जाणार, ही कल्पना युरोपला मानवली नाही. ३ मे १९७३ रोजी पंधरा देशांतल्या २३९ बँकांनी ब्रुसेल्समध्ये एक सहकारी संस्था स्थापन केली. तीच स्विफ्ट. पहिले प्रमुख कार्ल रॉयटरस्किऑल्ड.

सहकारी हा शब्द महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे थांबून वाचावा. जगाच्या बँकव्यवहाराचा कणा असलेली ही संस्था कुठल्या सरकारची नाही, कुठल्या भांडवलदाराचीही नाही. तिची मालकी सभासद बँकांची. एकमेकांच्या स्पर्धकांनी एकत्र येऊन सामाईक सोय उभी करायची, हे आपल्याला नवे नाही.

९ मे १९७७ रोजी बेल्जियमचे प्रिन्स अल्बर्ट यांच्या हस्ते पहिला संदेश गेला. त्या वर्षअखेर २२ देशांतल्या ५१८ बँका त्यावर होत्या.

संदेश यंत्राने वाचायचा तर पत्ता निःसंदिग्ध हवा, आणि त्यातून आजचा कोड आला. पुढे तो आयएसओ ९३६२ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाला. पहिली चार अक्षरे बँकेची, पुढची दोन देशाची, पुढची दोन ठिकाणाची. इथे आठ पुरी होतात. शाखा सांगायची असेल तर आणखी तीन, आणि मुख्य कार्यालयाला तीन वेळा एक्स. आठव्या जागी शून्य असेल तर तो चाचणीचा पत्ता, खऱ्या पैशासाठी नाही. स्टेट बँकेचा एसबीआयएन आयएन बीबी, बँक ऑफ महाराष्ट्रचा एमएएचबी आयएन बीबी. मुंबईतल्या बहुतेक बँकांचे ठिकाण बीबी, आणि गंमत म्हणजे ब्रुसेल्सचेही बीबीच, पण आधी देश येत असल्यामुळे दोघांची कधी गाठ पडत नाही. शहराचे नाव १९९५ मध्ये अधिकृतपणे मुंबई झाले, कोडातले बीबी आहे तसेच आहे.

आपल्याकडे स्विफ्टच्या स्थापनेच्या आदल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, पिनकोड सुरू झाला होता. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे मोठे कवी. एकाच सुमाराला इकडे पत्रांचा आणि तिकडे पैशांच्या निरोपांचा पत्ता अशा तऱ्हेने आकड्या-अक्षरांत बांधला गेला, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

भारत स्विफ्टवर आला १९९१ मध्ये. तेच उदारीकरणाचे साल. आमच्या शाखेत वातानुकूलित खोली तयार झाली, संगणक आले, आणि टेलेक्सच्या ऑपरेटरांतल्या तरुणांना नवे प्रशिक्षण मिळाले. निरोपांना नंबर मिळाले. ग्राहकाचे पैसे एमटी १००, जो २००३ मध्ये एमटी १०३ ला जागा देऊन गेला. बँक ते बँक एमटी २०२, पतपत्र एमटी ७००, खात्याचे विवरण एमटी ९५०. फॉरेक्समधले लोक अजून याच भाषेत बोलतात: “वन-ओ-थ्री आला का? टू-ओ-टू कव्हर कुठे आहे?” सुरुवातीला परस्परांच्या किल्ल्या, म्हणजे पडताळणीचे गुप्त अंक, सीलबंद टपालानेच जात. म्हणजे पत्ता यंत्राने घेतला तरी विश्वास काही काळ टपालाच्या पाकिटात, दोन सह्यांखालीच राहिला. मग तेही यंत्रात गेले.

एक गोष्ट लोकांना नेहमी सांगावी लागते. स्विफ्टमधून पैसे जात नाहीत, निरोप जातो. पैसे आपल्या बँकेच्या परदेशातल्या खात्यात, नॉस्ट्रोत, जमा होतात. इकडे मुंबईत आपण त्या निरोपावर विसंबून ग्राहकाच्या खात्यात रुपये घालतो. तिकडचे जमा आणि इकडचे नावे यांचा रोज मेळ घालणे हे फॉरेक्समधले सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात महत्त्वाचे काम.

स्विफ्ट येण्याचा अर्थ कोकणातल्या घरांना काय होता, ते मी पाहिले आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत खेड, चिपळूण, दापोली, राजापूरकडची माणसे दुबई, कुवेत, मस्कतला गेली. पैसे यायचे एक्स्चेंज हाऊसच्या ड्राफ्टने. रजिस्टर पोस्टाने ड्राफ्ट यायचा, तो गावच्या शाखेत भरायचा, शाखा मुंबईला पाठवायची, मग पैसे जमा. मधे टपाल रखडले की महिना जायचा. माझ्या ओळखीच्या एका चाची मुंबईला मुलीकडे आल्या की आमच्या शाखेत हमखास यायच्या. “बाई, पोराचा कागद इथं अडकला नाही ना? घराच्या चिऱ्यांचे पैसे द्यायचेत.” मी त्यांना खुर्ची द्यायचे आणि रजिस्टर काढून बघायचे. जांभ्या दगडाची ती घरे अशा ड्राफ्टांवर उभी राहिली. पुढे स्विफ्टने तोच पैसा एक-दोन दिवसांत येऊ लागला, तेव्हा हवाल्याच्या माणसाकडे जाणारे कितीतरी लोक बँकेत परत आले. या यंत्रणेची माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी कमाई हीच.

आता किमतीची गोष्ट. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या संगणकांत शिरून चोरट्यांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला स्विफ्टवरून पस्तीस आदेश पाठवले. एकूण रक्कम सुमारे ९५ कोटी डॉलर. पत्ते बरोबर, किल्ल्या बरोबर, मांडणी बरोबर. यंत्राच्या दृष्टीने सगळे खरे होते. बहुतेक आदेश न्यूयॉर्कमध्येच अडकले. श्रीलंकेकडे जाणारे दोन कोटी डॉलर थांबले, कारण ‘फाउंडेशन’ शब्दाचे स्पेलिंग चुकलेले मधल्या बँकेला खटकले आणि तिने विचारणा केली. मनिलाला गेलेले ८ कोटी १० लाख डॉलर मात्र हातचे गेले.

आणि २०१८ मध्ये आमच्याच फोर्टात, पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेतले प्रकरण उघड झाले. हमीपत्रांचे निरोप स्विफ्टवरून परदेशातल्या शाखांना जात होते, पण त्यांची नोंद बँकेच्या कोअर बँकिंगमध्ये होत नव्हती. दोन यंत्रणा एकमेकींशी जोडलेल्याच नव्हत्या. रक्कम तेरा हजार कोटी रुपयांच्या वर गेली. रिझर्व्ह बँकेने मग सगळ्या बँकांना ३० एप्रिल २०१८ पर्यंत स्विफ्ट आणि कोअर बँकिंग जोडायला सांगितले. ती बातमी वाचताना मला कागद उलटा ठेवणारे आमचे ते अधिकारी आठवले. पत्ता अचूक होता. दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे करायची बेरीज तेवढी कुणी केली नव्हती.

पत्ता काढून घेणे हेही आता शस्त्र झाले आहे. २०१२ मध्ये इराणच्या बँका स्विफ्टवरून तोडल्या गेल्या, २०२२ मध्ये रशियाच्या काही बँका. इराणच्या तेलाचे पैसे देण्यासाठी आपल्याला यूको बँकेत रुपयांत वेगळी सोय करावी लागली. सभासदांची सहकारी संस्था म्हणून जन्मलेल्या यंत्रणेला इथवर यावे लागले, हे मला पटत नाही. युद्धाची कारणे कितीही खरी असोत, निरोपाची वाट सर्वांसाठी खुली असावी असेच माझे मत आहे.

वाचकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. परदेशातल्या मुलाला बँकेचा कोड कळवताना पुष्कळ जण आयएफएससी कळवतात, कारण तोही अकरा जागांचा आणि बहुधा त्याच चार अक्षरांनी सुरू होणारा. ओळखण्याची खूण सोपी आहे: पाचव्या जागी शून्य असेल तर तो देशांतर्गत व्यवहाराचा आयएफएससी, पाचव्या-सहाव्या जागी आयएन असेल तर स्विफ्ट कोड. गावच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड बहुधा नसतो. तिच्यासाठी बँकेच्या मुंबईतल्या किंवा ठरलेल्या शाखेचा कोड द्यायचा आणि आपला खाते क्रमांक नीट लिहायचा. फॉर्मवर आयबॅन मागितला तर घाबरू नये, भारतात आयबॅन नाही.

आपल्याकडच्या विलीनीकरणांत जुनी अक्षरे टिकली नाहीत. १९२५ मध्ये उडुपीत सुरू झालेली सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली आणि एसवायएनबी आयएन बीबी हा कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाला. देवकरण नानजींची देना बँक, विजया बँक, आंध्र बँक, कॉर्पोरेशन बँक, सगळ्यांची अक्षरे अशीच मिटली. ग्राहकांच्या सोयीसाठी ते बरोबरच असेल. पण त्या बँकांच्या जुन्या फॉरेक्स शाखांतली टेलेक्सची रजिस्टरे, रद्द झालेल्या टेस्ट कीच्या पुस्तिका, सहयोगी बँकांशी झालेला पत्रव्यवहार गोदामांत पडून आहे आणि दर विलीनीकरणात त्यातला काही भाग रद्दीत जातो. ज्या बँकांत हे दप्तर अजून शिल्लक आहे, त्यांच्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी पुण्याच्या रिझर्व्ह बँक अभिलेखागाराला एक पत्र लिहा. आणि टेस्ट की हाताने केलेल्या माझ्या वयाच्या माणसांनी आपापली पद्धत कागदावर उतरवून ठेवावी. ती आता कुठल्याही प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवली जात नाही.